गाण्याची शाळा काढणारा गवई : पंडित विष्णु दिगंबर पलुसकर

प्रतिदिनी सकाळी शाळेची घंटा झाली की मुलेमुली रांगेने उभी राहतात, पेटीचा सूर लागतो आणि प्रार्थना सुरू होते. कोणाचा आवाज गोड, कोणाचा भसाडा. कोणी मनापासून गातो, कोणी नुसतेच ओठ हलवितो. तरीही शेपन्नास कंठांतून एकच सूर उमटतो आणि क्षणभर सारे प्रांगण भारावून जाते. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे कोणा एका माणसाचे सारे आयुष्य वेचले गेले असेल, अशी शंकाही आपल्या मनाला शिवत नाही. शाळेत गाणे असावे, चांगल्या घरच्या मुलामुलींनी ते शिकावे, त्याची परीक्षा द्यावी आणि प्रशस्तिपत्र घरी आणून आईवडिलांना अभिमानाने दाखवावे, हे सारे आज स्वाभाविक वाटते. सव्वाशे वर्षांपूर्वी ते तसे नव्हते. ते तसे व्हावे म्हणून ज्यांनी आपला देह झिजविला त्यांत पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचे स्थान फार वरचे आहे. त्यांचे चरित्र विद्यार्थ्यांपुढे ठेवावे असे आम्हांस फार दिवसांपासून वाटत होते.

विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. कुरुंदवाड हे त्या काळी पटवर्धन घराण्याचे एक लहानसे संस्थान होते. आज ते कोल्हापूर जिल्ह्यात मोडते. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावरची नरसोबाची वाडी आपल्याकडील अनेक कुटुंबांना परिचित आहे. त्या वाडीच्या शेजारचेच हे गाव. विष्णूचे वडील दिगंबर गोपाळ पलुसकर हे कीर्तनकार होते. त्यामुळे अभंग, पदे, टाळमृदंगाचा नाद हे सारे त्या बालकाच्या कानांवर पाळण्यापासूनच पडत होते. मुलगा हुशार होता. त्याने शाळेत शिकून मोठे व्हावे अशीच घरच्यांची अपेक्षा असावी. गवई व्हावे असे मात्र कोणाच्या स्वप्नीही नसेल.

पण दैवाची गती निराळी होती. दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेची दारू उडविली जात असता एक फटाका त्या कोवळ्या मुलाच्या तोंडाजवळ फुटला. चेहरा भाजला आणि दृष्टी जवळजवळ गेली. उपचार झाले, परंतु गेलेली दृष्टी पूर्ववत् परत आली नाही. पुस्तकातली अक्षरे दिसेनाशी झाली तेव्हा शाळेचा मार्गही खुंटला. विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी कोणावर हा प्रसंग ओढवला असता तर आपण काय केले असते, याचा क्षणभर विचार करून पाहा. डोळे गेले, पण कान आणि कंठ शाबूत होते. या मुलाला गायन शिकवावे असा सल्ला मिळाला आणि मिरज संस्थानच्या आश्रयाखाली पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्याचे शिक्षण सुरू झाले.

बाळकृष्णबुवांची योग्यता फार मोठी. ग्वाल्हेरची ख्याल गायकी महाराष्ट्रात आणून रुजविणारे म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. ती विद्या मिळविण्यासाठी त्यांनी तरुणपणी घरदार सोडून हालअपेष्टा सोसल्या होत्या. त्यामुळे आपल्या शिष्यानेही ती कष्टानेच मिळवावी असा त्यांचा दंडक होता. त्या काळची गुरुकुलाची रीत कडक होती. पाणी भरावे, गुरूंची सेवा करावी, तंबोरे जुळवावे, आणि गुरूंची मर्जी असेल तेव्हा जे कानी पडेल ते जिवाचा कान करून साठवावे. वही नाही, पुस्तक नाही, फळा नाही. आज शिकविलेली चीज उद्या विसरली तर ती पुन्हा कधी ऐकावयास मिळेल याचा भरवसा नाही. सुमारे नऊ वर्षे विष्णूने हे तप केले. जागरणे करून मेहनत केली, आवाज कमावला, तालावर प्रभुत्व मिळविले. गुरूंविषयी त्यांचा आदर जन्मभर अढळ राहिला. परंतु विद्या अशा रीतीने मोजक्याच भाग्यवंतांच्या हाती का राहावी, हा प्रश्नही त्यांच्या मनात याच दिवसांत रुजला असावा असे आम्हांस वाटते.

याच मिरजेत एक असा प्रसंग घडला की ज्याने त्यांच्या जीवनाची दिशा ठरविली. गावात एका सार्वजनिक समारंभाचे आमंत्रण विष्णूला आले, कारण त्याच्यावर राजकृपा होती. परंतु त्याच्या गुरूंना आले नाही. चौकशी करता असे समजले की बुवा पडले गवई, आणि गवयाला प्रतिष्ठितांच्या पंक्तीस बोलाविण्याचा प्रघात नाही. ज्यांच्या पायाशी बसून आपण विद्या घेतो, ज्यांच्या तोडीचा गायक दक्षिणेत विरळा, त्यांची समाजात ही किंमत! हे शल्य तरुण विष्णूच्या काळजात खोल रुतले. दोष एका यजमानाचा नव्हता. सर्व समाजाचीच दृष्टी तशी होती. गाणे ऐकावयास सर्वांना हवे, पण गाणाऱ्याला मान द्यावयास कोणी तयार नाही. गवई म्हणजे दरबारचा आश्रित किंवा दिवाणखान्यातील करमणुकीचे साधन, आणि गाण्याच्या नादी लागलेला मुलगा म्हणजे हातचा गेलेला मुलगा, हीच समजूत घरोघर होती.

१८९६ साली विष्णु दिगंबरांनी मिरज सोडली. राजाश्रयाची सुरक्षित सावली सोडून, अंधुक दृष्टीने, एकदोन सोबती घेऊन हा चोवीस वर्षांचा तरुण देशाटनास निघाला. बडोदे, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, जालंदर अशी ती यात्रा झाली. बडोद्यास त्यांच्या गायनाचा गौरव झाला. काठेवाडात असताना त्यांनी एक अपूर्व गोष्ट केली. राजवाड्यातील बैठकीऐवजी तिकीट लावून सर्व लोकांसाठी जाहीर गायन केले. आज याचे आपणांस नवल वाटणार नाही. पण यातील अर्थ ध्यानी घ्या. ज्याच्याजवळ थोडे पैसे आहेत तो कोणीही माणूस, मग तो व्यापारी असो की कारकून, राजाच्या बरोबरीने बसून उत्तम गाणे ऐकू शकेल, आणि गवयाला कोणाची मर्जी सांभाळावी लागणार नाही. मथुरेस राहून त्यांनी ब्रजभाषेचा अभ्यास केला, कारण आपण जी पदे गातो त्यांचा अर्थ आपणांस कळलाच पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. मातृभाषा मराठी, पण उत्तरेतील लोकांशी बोलण्यासाठी त्यांनी हिंदी आपलीशी केली. आमच्या कणकुंबीच्या मुलांना याचे मर्म चटकन कळेल. घरी कोकणी, शाळेत मराठी आणि कचेरीत कन्नड बोलणाऱ्या मुलांना भाषा ही भिंत न होता दार कशी होते, हे वेगळे सांगावयास नको.

शेवटी ते पंजाबात लाहोरास पोहोचले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी तेथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. तेव्हा त्यांचे वय अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. गाव परका, भाषा परकी, हाती द्रव्य नाही आणि पाठीशी कोणी राजा नाही. केवळ लोकांच्या वर्गणीवर आणि आपल्या जलशांच्या उत्पन्नावर त्यांनी हे धाडस केले. आरंभीच्या दिवसांत विद्यार्थी फिरकेनात. असे सांगतात की तरीही पंडितजी ठरल्या वेळी वर्गात येऊन बसत, तंबोरा जुळवीत आणि रिकाम्या खोलीत एकटेच रियाज करीत. वेळ संपली की उठत. विद्यार्थी आला नाही म्हणून शिक्षकाने वेळ चुकविली नाही. हळूहळू एक आला, दोन आले, मग दहा आले. स्त्रियांसाठीही वर्ग निघाले. त्या काळी कुलीन घरच्या स्त्रीने गाणे शिकणे किती अवघड होते हे ध्यानात घेतले म्हणजे या गोष्टीचे मोल कळते.

येथे एक खुलासा केला पाहिजे. संगीताची शाळा काढण्याचा प्रयत्न त्यांच्याआधी झालाच नव्हता असे नाही. बडोद्यास महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने उस्ताद मौलाबक्ष यांनी १८८६ सालीच गायनशाळा चालू केली होती, आणि तिचाच वारसा पुढे बडोदे विद्यापीठाच्या संगीत विभागाकडे आला. परंतु त्या शाळेस संस्थानचा आधार होता. राजाश्रयाविना, लोकांच्या बळावर संगीताचे विद्यालय उभारून ते गावोगाव पसरविण्याचे काम विष्णु दिगंबरांनी केले.

त्यांची शिकविण्याची पद्धत कशी होती? एका गुरूपुढे एक शिष्य या जुन्या रीतीच्या जागी त्यांनी वर्ग आणला. अनेक मुलांनी एकत्र बसून, एका सुरात, एका तालात गावयाचे. त्यासाठी वेळापत्रक आले, क्रमिक पुस्तके आली, परीक्षा आल्या, पदवीदान समारंभ आले. गळ्यातील स्वर कागदावर उतरविण्यासाठी त्यांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती बनविली. ज्याला स्वतःला धड वाचता येत नव्हते त्याने इतरांना वाचता यावे म्हणून ही चिन्हे रचली, हे केवढे आश्चर्य! ‘संगीत बालप्रकाश’, ‘राग प्रवेश’ अशी पुस्तके त्यांनी एकामागून एक प्रसिद्ध केली. ‘संगीतामृत प्रवाह’ नावाचे मासिक चालविले. पुढे विद्यालयाला जोडून छापखाना आणि वाद्ये बनविण्याचा व दुरुस्त करण्याचा कारखानाही काढला. तंबोऱ्याची तार तुटली तर ती जोडण्याची कला गाणाराला यावी, हा त्यामागील हेतू.

विद्यालयातला सर्वांत महत्त्वाचा वर्ग उपदेशकांचा, म्हणजे भावी शिक्षकांचा होता. निवडक मुलांना विद्यालयातच ठेवून घ्यावयाचे, त्यांच्या जेवणाखाण्याचा आणि शिक्षणाचा सारा खर्च सोसावयाचा, आणि त्यांनी नऊ वर्षे राहून विद्या पुरी करावी असा पालकांशी करार करावयाचा. शिस्त करडी होती. पहाटे उठणे, रियाज, अभ्यास, धाकट्यांना शिकविणे, स्वच्छ पोशाख, निर्व्यसनी वर्तन. गवई म्हटला की व्यसनी, ही लोकांची समजूत पुसून टाकावयाची तर गवयाचे आचरणच तसे हवे, असे पंडितजींचे मत होते. जलशात आणि उत्सवात ते आपल्या विद्यार्थ्यांचा मेळा घेऊन बसत. एकाच पोशाखातील मुले एकमुखाने भजन गाऊ लागली की श्रोतेही त्यांत सूर मिसळीत. पाश्चात्त्य देशांतील शाळांत आणि विद्यापीठांत वाद्यवृंद असतो व त्याचा संचालक हातातील काठीने शंभर वाजविणाऱ्यांना एका लयीत ठेवतो. आपल्याकडेही मैहर संस्थानात उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी अनाथ मुलांना घेऊन असाच एक वाद्यवृंद उभा केला. विष्णु दिगंबरांचा मेळा मुख्यत्वे कंठाचा होता. पण एकट्याने चमकण्याऐवजी अनेकांनी मिळून एका सुरात येणे, हे तत्त्व तेच.

१९०८ साली त्यांनी मुंबईस विद्यालयाची शाखा उघडली आणि तेच पुढे त्यांचे मुख्य ठाणे झाले. विद्यार्थी वाढले, कीर्ती वाढली, आणि विद्यालयाला स्वतःची वास्तू असावी या उत्साहाने सँडहर्स्ट रस्त्यावर मोठी इमारत उभी राहिली. पण ती कर्जावर उभी होती. पंडितजी गावोगाव जलसे करून पैसे मिळवीत आणि ते विद्यालयात ओतीत. तरीही देणे फिटेना. अखेर १९२४ च्या सुमारास ती वास्तू लिलावात गेली. ज्या भिंतींसाठी रक्त आटविले त्या भिंती एका दिवसात परक्या झाल्या. घरातही सुख नव्हते. त्यांची अनेक अपत्ये बालपणीच गेली. १९२१ साली जन्मलेला दत्तात्रेय हाच एक मुलगा जगला.

या काळात पंडितजींचे मन रामभक्तीकडे अधिकाधिक वळले. भगवी वस्त्रे आली, तुलसी रामायणाची प्रवचने आली, नाशिकला रामनाम आधार आश्रम निघाला. राष्ट्रसभेच्या अधिवेशनांतही ते गात असत. १९२३ च्या काकिनाडा अधिवेशनात अध्यक्षांनी गायनास हरकत घेतली असताही त्यांनी ‘वंदे मातरम्’ पुरे म्हटले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. गांधीजींना आश्रमासाठी संगीतशिक्षक हवा होता तेव्हा पंडितजींनी आपले शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांना साबरमतीस पाठविले. ‘आश्रम भजनावली’ सिद्ध झाली ती खरे यांच्या हातून. आणि १९३० साली दांडीला निघालेल्या सत्याग्रहींच्या पहिल्या तुकडीत तेही चालत होते. मिरजेच्या एका समारंभात गवयाला जागा नव्हती. चौतीस वर्षांनंतर त्याच परंपरेतील गवई देशाच्या सर्वांत मोठ्या यात्रेत भजन गात चालला होता!

पंडितजींवर टीकाही झाली, आणि ती विद्यार्थ्यांपासून लपविण्याचे कारण नाही. वर्गात शिकवून कोणी थोर गवई होत नाही, असे जुने जाणते म्हणत. यावर पंडितजींचे म्हणणे असे की आपणांस तानसेन निर्माण करता आले नाहीत तरी कानसेन, म्हणजे जाणते श्रोते, निर्माण झाले तरी पुष्कळ आहे. त्यांची स्वरलिपी किचकट आहे असेही आक्षेप आले, आणि पंडित भातखंडे यांची सुटसुटीत लिपी अधिक प्रचारात आली. शृंगारिक शब्दांच्या जागी त्यांनी भक्तिपर शब्द घातले, हे काहींना रुचले नाही. आणखी एक गोष्ट आम्हांस मोकळेपणाने सांगावीशी वाटते. संगीताला प्रतिष्ठा मिळाली ती सर्वांना सारखी मिळाली नाही. बाळकृष्णबुवांची गायकी ज्या ग्वाल्हेरहून आली ती हद्दू खाँसारख्या उस्तादांची देणगी होती. आपल्या शेजारच्या गोमंतकातील कलावंत घराण्यांतील स्त्रियांनी पिढ्यान्पिढ्या उपेक्षा सोसून गाणे जिवंत ठेवले. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारखी रत्ने त्याच मातीतील. शाळेतील गाण्याला नमस्कार करताना या ऋणाचाही विसर पडू नये. थोर पुरुषाचे कार्य अपुरे राहिले असेल तर ते पुरे करणे हे पुढल्या पिढीचे काम असते.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस पंडितजींचे देहावसान झाले. एकोणसाठ वर्षे पुरी होऊन तीनच दिवस लोटले होते. जेथून निघाले तेथेच यात्रा संपली. मागे मुंबईची इमारत नव्हती, संपत्ती नव्हती, आणि मुलगा अवघा दहा वर्षांचा होता. बाहेरून पाहणाऱ्याला हे जीवन अयशस्वीच वाटले असते.

पण उपदेशक वर्गातील मुले आता मोठी झाली होती. गुरू गेल्यावर त्याच वर्षी ती अहमदाबादेस एकत्र आली आणि त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यास विद्यालय काढले. नारायणराव व्यासांनी आपल्या गायनाने घराघरांत राग पोहोचविले. ओंकारनाथ ठाकूर हे तरुणपणी लाहोरच्या विद्यालयाचे प्राचार्य झाले होते; १९५० साली काशीच्या हिंदू विश्वविद्यालयातील संगीत महाविद्यालयाची धुरा त्यांच्याकडे आली. ज्या विद्येला समारंभात आसन नव्हते तिला विद्यापीठात आसन मिळाले. पोरका दत्तात्रेय गुरुबंधूंच्या हाताखाली तयार झाला आणि द. वि. पलुसकर या नावाने अजरामर झाला. १९५२ च्या ‘बैजू बावरा’ चित्रपटात उस्ताद अमीर खाँ यांच्यासह त्याने गायिलेली जुगलबंदी आजही लोक ऐकतात. दुर्दैवाने १९५५ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षीच, तो सूर मावळला. आणखी एक शिष्य बी. आर. देवधर यांनी मुंबईस संगीताची शाळा चालविली. त्या शाळेत बेळगावजवळच्या सुळेभावी गावचा एक मुलगा शिकावयास गेला. तो मुलगा म्हणजे कुमार गंधर्व. कुरुंदवाडचे बी मुंबईस रुजले आणि त्याचे फळ पुन्हा आपल्याच जिल्ह्याच्या पदरात पडले!

१९७३ साली भारत सरकारने पंडितजींच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. पण त्यांचे खरे स्मारक वेगळेच आहे. मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षांना बसणारी देशभरातील मुलेमुली हे ते स्मारक होय. परीक्षेच्या दिवशी तबल्याची जोडी पोटाशी धरून गाडीत बसलेला एखादा मुलगा दिसला की आम्हांस त्या रिकाम्या खोलीत तंबोरा जुळवीत बसलेल्या शिक्षकाची आठवण होते.

आपल्या कणकुंबीस मलप्रभा उगम पावते. येथे ती इतकी लहान आहे की पोराने उडी मारून ओलांडावी. पुढे खानापूर, सौंदत्ती करीत ती कूडलसंगमास कृष्णेला मिळते. आणि ती कृष्णा कुरुंदवाडच्या शेजारून वाहत आलेली असते. उगमापाशी उभे राहून पुढच्या विस्ताराची कल्पना येत नाही. लाहोरच्या त्या पहिल्या दिवशी तरी ती कोणाला आली होती?

म्हणून विद्यार्थी मित्रहो, उद्या प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा नुसते ओठ हलवू नका. आवाज चांगला नसला तरी चालेल. शेजाऱ्याच्या सुराकडे कान देऊन आपला सूर त्यात मिळवा. एवढे केले तरी त्या जवळजवळ अंध झालेल्या गुरूच्या ऋणाचा एक लहानसा हप्ता फिटेल.